कातळशिल्पं जपायची आहेत: पुरातत्त्वात एम.ए. करू की म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र)?

नमस्कार मंडळी,

मी राजापूर तालुक्यातली. रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन चार वर्षं झाली, सध्या आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत लॅबमध्ये आहे. आता पुढे शिकायचंय, पण विषय बदलून.

त्याला कारण आमच्या घरामागचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. तिथे जांभ्या दगडात कोरलेला एक मासा आहे, माणसाहून लांब. आजी म्हणायची, पांडवांनी एका रात्रीत काढलाय. पाऊस उघडला की खाचांत पाणी राहतं, तेव्हा तो खवल्यांसकट दिसतो. एरवी गवतात नुसत्या रेघा. गेल्या वर्षी शेजारच्या जमिनीत चिरेखाण सुरू झाली आणि ट्रकची वाट थेट शेपटीवरून गेली. मी पोचले तोवर कातळ फुटला होता. खाणवाल्याला ते काय आहे ते ठाऊक नव्हतं, आणि मलाही त्याला धड सांगता आलं नाही. ते मनातून जात नाही.

२०२२ मध्ये उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी अशी कोकणातली आणि गोव्यातलं एक मिळून ९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आनंदच आहे. पण आमच्यासारखे कितीतरी सडे त्या यादीत नाहीत, आणि जमिनी बहुतेक खाजगी, सातबारावर दहा-दहा नावं.

पुण्याचं डेक्कन कॉलेज जवळचं, पुरातत्त्वाला तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो असं कळलं. पण उत्खनन हा त्या विषयाचा कणा, आणि आमची शिल्पं उघड्या कातळावर! वर मातीचे थरच नाहीत, म्हणून तर त्यांचा काळ ठरवणं इतकं अवघड. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजी आहे. तिथे माझं रसायनशास्त्र कामी येईल असं वाटतं, पण संग्रहालयात आणता येत नाही अशा वस्तूचं काय? वास्तुसंवर्धनाला बहुतेक ठिकाणी बी.आर्क. लागतं, त्यामुळे तो विचार सोडला.

यातलं काही शिकलेल्यांनी कृपया सांगा. जागेवरच वारसा जपणं, कायदा, गावाला सोबत घेणं हे एम.ए.त खरंच शिकवतात का, की ते पुढे कामातून येतं? विज्ञान शाखेतून गेलेल्यांना पहिलं वर्ष जड गेलं का? दोन वर्षं पगार नसेल, म्हणून शिष्यवृत्तीचं आणि नंतरच्या नोकरीचंही खरं काय ते लिहा. वाईट असलं तरी चालेल.

आणि एक तातडीचं. प्रवेश होईल तेव्हा होईल, पण खाण अजून चालू आहे. त्या माशाची नोंद मला आत्ताच करून ठेवायचीय. मोजमाप, फोटो आणि जीपीएस एवढं पुरे का? ठळक दिसावं म्हणून खाचांत खडू भरणारे पाहिलेत. जांभा सच्छिद्र असतो, म्हणून मी अजून हात लावलेला नाही. तिरक्या उन्हात, सकाळी लवकर फोटो काढले तर भागेल का?