पाच मीटरची सेडान सोडून छोटी हायब्रिड: नाशिकच्या वापराला जमेल का?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. घरात २०१८ ची ई-क्लास लाँग व्हीलबेस आहे, डिझेल. मुलं बाहेरगावी असल्यामुळे गाडीत बहुतेक वेळा आम्ही दोघंच, अधूनमधून मागे ८० वर्षांचे वडील. महिन्याचं रनिंग साधारण ७०० किमी, त्यातलं पाचशेच्या आसपास गावातलंच: कॉलेज रोड, सीबीएस, द्वारका, सातपूर. महिन्यातून एखादी मुंबई. एवढी लांब गाडी रविवार कारंजाकडे न्यायचं म्हटलं की नकोच वाटतं. ग्रँड विटारा किंवा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत गाडी ओढणारी विजेची मोटर असलेली), नाहीतर होंडा सिटी हायब्रिड, असा विचार चालू आहे. पैसे खरंच वाचतात का? घाटात दम राहतो का? आणि जुनी गाडी विकताना काय सांभाळायचं?

कॅलिपर

आधी इंधनाचा हिशोब. वर्षाला ८,४०० किमी. तुमची गाडी गावात १० चं ॲव्हरेज देते असं धरलं तर ८४० लिटर डिझेल. ९१ रुपयांनी ७६ हजारांच्या घरात. हायब्रिडला २० धरा (कंपनीचा २७.९७ चा आकडा चाचणीतला आहे, तो घरखर्चात धरू नका). ४२० लिटर पेट्रोल, १०४ रुपयांनी ४४ हजारांच्या आत. म्हणजे वर्षाला ३२-३३ हजार वाचले. नव्या गाडीची किंमत एवढ्यावर कधीच वसूल होत नाही. इंधनासाठी गाडी बदलत असाल तर बदलू नका.

खरा फरक टायर, ब्रेक, सस्पेन्शन, विम्याचा हप्ता आणि वॉरंटी संपलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचा. शिवाय तुमचं रनिंग मोठ्या डिझेलला मुळातच सोसणारं नाही. डीपीएफमधली (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जळायला सायलेन्सर बराच वेळ तापलेला लागतो. सीबीएस ते कॉलेज रोड अशा फेऱ्यांत ते होत नाही, काजळी साठत जाते आणि एक दिवस दिवा लागतो. गाडी ठेवायची ठरली तर आठवड्यातून एकदा हायवेवर वीसेक मिनिटं एका वेगात चालवाच.

आता जागा. तुमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३,०७९ मिमी आहे. ग्रँड विटारा, हायरायडर आणि सिटी, तिन्हींचा २,६००. जवळपास अर्धा मीटर गेला आणि तो सगळा मागच्या सीटवरच जाणवणार. दुसरी गोष्ट डिकी. ग्रँड विटाराच्या साध्या पेट्रोलमध्ये ३७३ लिटर, हायब्रिडमध्ये २६५, कारण बॅटरी डिकीच्या फरशीखाली आहे आणि फरशी वर आली आहे. शोरूममध्ये घरची मोठी बॅग आणि वडिलांचा वॉकर सोबत न्या आणि ठेवून बघा. सेल्समन सीट पाडून दाखवेल, पण वडील मागे बसलेले असताना सीट पाडता येणार नाही.

वडिलांच्या दृष्टीने सिटी खाली आहे, बसताना गुडघ्यावर भार येतो. ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये माणूस सरळ आडवा सरकून बसतो. माझं मत या दोन्हींपैकी एकीला. आतली यंत्रणा एकच आहे, तेव्हा जिचं सर्व्हिस सेंटर घराजवळ आणि जिची डिलिव्हरी लवकर, ती घ्या.

घाटवाट

दमाबद्दल स्पष्ट सांगतो. ग्रँड विटारा-हायरायडरचं १.५ लिटरचं तीन सिलेंडर इंजिन ९२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), मोटरसकट एकूण ११६. तुमच्या गाडीचा ओढा यात नाही. गावात मात्र तो फरक जाणवत नाही, कारण सुटताना मोटर ओढते. मुंबई नाका ते द्वारका उड्डाणपुलाखालच्या रांगेत इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्याने गारवा जात नाही.

घाट चढताना काय होतं ते नीट समजून घ्या. बॅटरी फक्त ०.७६ युनिटची. पाय दाबून ठेवला की ती लवकर उतरते, मग सगळा भार इंजिनवर. ई-सीव्हीटी (हायब्रिडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) इंजिनाला वरच्या फेऱ्यांवर धरून ठेवते, आवाज वाढतो आणि वेग त्या मानाने वाढत नाही. बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. टेस्ट ड्राइव्ह गंगापूर रोडला घेऊ नका. चार माणसं बसवून, एसी लावून पांडवलेणीच्या पुढे विल्होळीपर्यंत जा आणि ६० वरून १०० ला न्या. तो आवाज चालणार असेल तरच पुढे बोला.

कसारा उतरताना गिअर बी वर (उतारावर गाडी धरून ठेवणारा) टाका. इगतपुरी ते कसारा तीनेकशे मीटरचा उतार आहे, बॅटरी मध्येच पूर्ण भरते. भरली की मोटरला वीज ठेवायला जागा नाही, मग यंत्रणा इंजिनच फिरवून गाडी धरते. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन ओरडायला लागलं की नवीन माणूस घाबरतो. त्या वेळी पेट्रोल जळत नसतं. डी वर ठेवून नुसता ब्रेक दाबत उतरलात तर बॅटरी भरल्यावर सगळा भार पॅडवर येतो.

समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून बरेच जण कसारा टाळतात. पण १२० च्या वेगाला इंजिन जवळपास सतत चालतं, हवेचा विरोध वाढतो आणि हायब्रिडचा फायदा आटतो. ९० ला चालवली तर ॲव्हरेज बरंच सावरतं.

थंडीच्या सकाळी दोन किमीवर दूध आणायला गाडी काढली तर ॲव्हरेज पडलेलंच दिसणार. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) आणि कूलंट तापेपर्यंत इंजिन बंद होत नाही. कामं एका फेरीत जोडा, फरक लगेच दिसतो.

फॉर्म तीस

विक्रीचं मी सांगतो. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) नसेल तर आधी ती बसवा, नाहीतर ट्रान्सफर अडते. बाकी असलेली ई-चलनं भरा, पीयूसी आणि विमा चालू ठेवा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असतो. तो बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन उतरवा.

खाजगी ग्राहक असेल तर फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आणि ३० (नाव बदलायचा अर्ज). ग्राहक दुसऱ्या आरटीओचा असेल तर फॉर्म २८ वर एनओसी. अधिकृत डीलरला देत असाल तर फॉर्म २९सी ची (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची) नोंद पोर्टलवर करून घ्या आणि त्याच्याकडे अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे ना ते बघा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली दिली आणि गाडी महिनोन्महिने तुमच्याच नावावर राहिली, तर तोवरची चलनं आणि अपघाताची जबाबदारी तुमच्या दारात येते. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विक्रीनंतर विमा कंपनीकडून रिटेन्शन लेटर (बोनस राखून ठेवल्याचं पत्र) घ्या, ते ३ वर्षं चालतं. बोनस ५० टक्क्यांचा असेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर तेवढी सूट मिळते, थर्ड पार्टीवर नाही. हे लेटर न घेता शोरूमच्या विम्यावर सही करणारे फार आहेत. शोरूमवाला आठवण करून देईलच असं नाही.

जुना फास्टॅग बंद करा. गाडीच्या ॲपमधून स्वतःचं खातं काढा आणि स्क्रीन फॅक्टरी रिसेट करा, नाहीतर घरचा पत्ता नेव्हिगेशनमध्ये तसाच राहतो. नवी गाडी १० लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस (विक्रेता आगाऊ घेतो तो आयकर) लागेल, तो रिटर्नमध्ये वळता होतो. आपल्याकडे हायब्रिडला ईव्हीसारखी रोड टॅक्सची माफी नाही. पेट्रोलचाच दर, १० ते २० लाखांना १२ टक्के.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅग आणि वॉकर घेऊनच जातो. अजून एक: मुलाकडे गेलो की गाडी महिना-दीड महिना उभी राहते. मोठी बॅटरी खराब होईल का? आणि एसीचा गॅस बाहेर भरला तर चालतो ना?

कॅलिपर

हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी आहे आणि महिनाभर उभं राहिल्याने तिला काही होत नाही. उतरते ती १२ व्होल्टची छोटी. ती उतरली की गाडी ‘रेडी’ (चालायला तयार) होतच नाही, मोठी बॅटरी भरलेली असली तरी. शेजाऱ्याला सांगून ठेवा: आठवड्यातून एकदा ‘रेडी’ करून अर्धा तास ठेवायची. नुसते दिवे लावून ठेवले तर ती उलट उतरते. या गाडीवरून दुसऱ्याची गाडी जंप स्टार्ट करू नका.

एसीचा गॅस बाहेर अजिबात नको. विजेवरच्या कॉम्प्रेसरला वेगळं, वीज न वाहणारं ऑइल लागतं. नाक्यावरच्या मशीनमध्ये साध्या गाड्यांचं पॅग ऑइल उरलेलं असतं. ते थोडं जरी आत गेलं तरी कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन खालावतं, हाय व्होल्टेज गळतीचा कोड येतो आणि गाडी जागेवर उभी राहते. मागच्या सीटजवळ बॅटरीच्या हवेची जाळी असते, तिच्यावर चादर किंवा पिशवी ठेवू नका. प्रत्येक सर्व्हिसला ती साफ झाली का ते विचारा.

आणि गाडी बंद पडलीच तर फ्लॅटबेडच मागवा. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरते आणि वीज तयार होते, त्यात ट्रान्सॲक्सलचं (मोटर आणि गिअर असलेल्या भागाचं) नुकसान होतं.