कोअर 'ओळखत नाही' की 'ओळख देत नाही'?

मामांच्या कॉम्प्युटरमुळे हा प्रश्न डोक्यात बसलाय. मशीन ४ कोअरचं (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), ८ थ्रेडचं (प्रत्येक कोअर एका वेळी कामाचे दोन धागे, म्हणजे थ्रेड, सांभाळतो). विंडोज अशा प्रत्येक थ्रेडला एक 'लॉजिकल प्रोसेसर' मोजतं, म्हणजे ८ दिसायला हवेत. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मात्र लॉजिकल प्रोसेसर फक्त २, आणि मोठी फाइल उघडली की दोन्ही आलेख वर जाऊन चिकटायचे. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "विंडोज कोअर ओळखत नाही, प्रोसेसर बदला." मामा पैसे द्यायला तयारही झाले होते.

बायोस (विंडोजच्याही आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) उघडून पाहिलं तर तिथे चारही कोअर हजर. मग रनमध्ये एमएसकॉन्फिग (विंडोज सुरू कसं व्हावं ते ठरवायची खिडकी), बूट टॅब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'पुढे खूण आणि आकडा २! मशीन लवकर सुरू होतं असं ऐकून कोणीतरी ती करून ठेवली होती. तिने काहीही लवकर होत नाही. विंडोज एरवी असतील तेवढे कोअर आपणहून वापरतं. खूण काढली, रीस्टार्ट केलं, आठ आलेख आले. (खूण काढल्यावर तिथे फिकट १ दिसतो, त्याला घाबरू नका.)

म्हणजे विंडोज कोअर ओळखत होतंच, ओळख देत नव्हतं. रस्त्यात समोरून येणारा माणूस आपल्याला ओळखतो, पण ओळख न देता पुढे जातो, तसं. हा फरक आपल्या भाषेत आयता आहे आणि इथे तो कामाचा आहे. 'ओळखत नाही' हे खरं कधी? मदरबोर्डाचं बायोस जुनं आणि प्रोसेसर नंतरचा असेल तेव्हा. तिथे बायोस अपडेट करायचं. बायोसमध्येच कोअरची संख्या कमी ठेवली असेल, तर 'बंद केलाय' म्हणावं. क्रियापद चुकलं की माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

नामातही घोळ आहेच. एमएसकॉन्फिगच्या त्या खिडकीतला 'प्रोसेसर' म्हणजे लॉजिकल प्रोसेसर. ४ कोअर आहेत म्हणून कोणी तिथे ४ निवडले, तर आठातले निम्मे गेले.

प्रतिसाद: 'ओळख देणं' पटलं. मग कोअरला सरळ 'गाभा' का म्हणू नये?

उत्तर: मला ते खटकतं. गाभा आला 'गर्भ'वरून, गाभण आणि गाभारा त्याच घरातले. केळीच्या खांबाची सोपटं एकेक काढत गेलं की शेवटी पांढरा, ओलसर दांडा हाती येतो, तो गाभा, आणि तो एका खांबात एकच. 'चार गाभे' म्हटलं की मला चार खांब दिसतात. प्रोसेसरमधले कोअर तर एकमेकांशेजारी असतात, कुणी कुणाच्या आत नाही. शिवाय १९५०च्या दशकापासून जुन्या कॉम्प्युटरांत कोअर मेमरी होती ना, तिचा कोअर म्हणजे फेराइटची बारीक कडी, मधल्या भोकातून तारा ओवलेल्या. तिला गाभा कसं म्हणणार? मी तरी कोअरच लिहितो. थ्रेडला 'धागा' चालेल, तो कितीही असू शकतो.