मदत हवी आहे: जांभ्या चिऱ्याच्या दुमजली घरासाठी कोणता वायफाय राउटर घ्यावा?

चिरेबंदी
घर रत्नागिरीजवळ. तळमजला आणि वरचा मजला, दोन्ही साधारण ९०० चौरस फूट. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, प्लास्टरसकट १० इंच. मध्ये ५ इंची स्लॅब. स्थानिक केबलवाल्याचं २०० एमबीपीएसचं फायबर आहे. त्याचा ओएनटी, म्हणजे फायबर येतं तो पांढरा डबा, पुढच्या पडवीत मीटरशेजारी लावलाय. डब्यासमोर उभं राहिलं तर वायफायवर ६०-७० मिळतात, मागे स्वयंपाकघरात ८-१०, आणि वरच्या खोलीत व्हिडिओ कॉल टिकतच नाही. लॅपटॉपला थेट वायर लावली तर ९४.

वापर: चार फोन, दोन लॅपटॉप (एक वरच्या खोलीत, घरून कामासाठी), टीव्ही, प्रिंटर, दोन कॅमेरे. बजेट राउटरसाठी ६,०००. दुकानदार सहा अँटेनांचा एएक्स ३००० (वायफाय ६ चा राउटर) दाखवतोय, एकाच राउटरमध्ये सगळं घर भागेल म्हणतो. घ्यावा का? शिवाय लाइट गेल्यावर दोनेक तास तरी नेट चालायला हवं.

केबलकाका
राउटरचं थोडं थांबा, आधी त्या ९४ कडे बघा. २०० चा प्लॅन आणि वायरवर बरोबर ९४-९५ म्हणजे मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचा जोड आहे. कारणं बहुतेक दोनच असतात. एक, स्थानिक केबलवाले देतात त्या बऱ्याच स्वस्त ओएनटींना एक गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, पोर्ट (जीई) आणि एक १०० चा पोर्ट (एफई) असतो, आणि वायर एफईमध्ये गेलेली असते. दोन, वायरीतली एखादी जोडी तुटलेली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी गेली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

हे तपासून सांगा:
१) डब्याच्या मागे पोर्टांवर काय छापलंय?
२) डब्याचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ आहे की ५ सुद्धा?
३) फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून स्वयंपाकघर आणि वरची खोली, दोन्हीकडचा डीबीएम आकडा (सिग्नलची ताकद; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला).
४) वर केबल नेता येईल का?

आणि डब्याच्या मागचं रीसेटचं भोक टोचू नका. त्यात केबलवाल्याने भरलेली व्हीलॅन (त्याच्या लाइनचा ओळख-क्रमांक) आणि लॉगिनची सगळी माहिती पुसली जाते, मग त्याची वाट बघत बसावं लागतं.

चिरेबंदी
वायर लॅन २ मध्ये होती, त्यावर एफई लिहिलंय. लॅन १ (जीई) मध्ये टाकल्यावर २०३ आले! डब्याचं वायफाय फक्त २.४. स्वयंपाकघरात −७६, वर −८४. जिन्यातून केबल नेता येईल, साधारण १८ मीटर. केबलवाला ब्रिज मोड (डबा नेट नुसतं पुढे देतो, लॉगिन आपला राउटर करतो) करून द्यायला तयार आहे.

शून्यपिंग
मग दुकानदाराचा एएक्स ३००० विसरा. त्यातले ३००० म्हणजे २.४ चे ५७४ आणि ५ चे २४०२ अशी बेरीज, तीही कागदावरची. ते २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल लागतो. बहुतेक फोन ८० च्या पुढे जात नाहीत, आणि तुमची लाइन मुळात २०० ची. अँटेना सहा असोत की दोन, राउटर किती ताकदीने ओरडू शकतो याला नियमाने मर्यादा आहे. त्याहून मोठी अडचण अशी की फोनला उलट उत्तर द्यायचं असतं आणि त्याचा आवाज राउटरपेक्षा बारीक असतो. ताकदवान राउटर लावूनही फोनवर दांडे दिसतात पण कॉल तुटतो, तो यामुळे.

५ गिगाहर्ट्झ एका १० इंची चिऱ्याच्या भिंतीतून रडतखडत जाईल. दोन भिंती किंवा भिंत अधिक स्लॅब म्हणजे संपलं. पावसाळ्यात चिरा ओल धरतो आणि पाणी रेडिओलहरी शोषतं, तेव्हा मे महिन्यातल्या आकड्यावर ऑगस्टचा भरवसा नको.

एका महागड्या राउटरऐवजी दोन साधे घ्या, एक खाली आणि एक वर, मध्ये केबल. गिगाबिट पोर्टांचे एसी १२०० प्रकारातले (वायफाय ५ चे) दोन तुमच्या बजेटमध्ये बसतात. खोक्यावर ‘गिगाबिट’ लिहिलेलं वाचूनच पैसे द्या. नाहीतर एसी १२०० नावाखाली १०० च्या पोर्टांचे राउटरही सर्रास विकले जातात. उदाहरणार्थ, टीपी-लिंकचा आर्चर सी ५० आणि आर्चर सी ६ दोन्ही एसी १२००, पण सी ५० चे पोर्ट १०० चे आणि सी ६ चे गिगाबिट. सी ५० लावलात तर पुन्हा ९४ वर याल. थोडे पैसे वाढवता आले तर खालचा एएक्स १५०० घ्या. वायफाय ६ मुळे एकाच वेळी बरीच उपकरणं असली की फरक जाणवतो. एएक्स १५०० च्या वर मात्र या घरात पैसे घालू नका.

मधलीआळी
इतकी तोडफोड कशाला? मेशचा (एकमेकांशी बिनवायरीने बोलणाऱ्या वायफाय डब्यांचा) दोनाचा संच आणा, प्लग लावा, काम झालं. वायर ओढायची कटकट नाही.

शून्यपिंग
@मधलीआळी, लाकडी पार्टिशनच्या फ्लॅटमध्ये पटलं असतं. इथे बिनवायरीच्या मेशला तोच चिरा आणि तोच स्लॅब ओलांडायचाय. शिवाय स्वस्त संच दोन बँडचे असतात, म्हणजे खालच्या डब्याशी बोलायला आणि तुमच्या लॅपटॉपशी बोलायला एकच ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ. वेग निम्म्यावर येतो. केबल अशक्यच असती तर वरचा डबा खोलीत न ठेवता जिन्याच्या वळणावर ठेवा म्हटलं असतं, जिथे खालच्याचा सिग्नल −६५ किंवा त्याहून चांगला येतो. लोक रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारा डबा) नेमका जिथे नेट येत नाही तिथेच लावतात. मग तो बिचारा नसलेलंच नेट पुढे पाठवतो.

मेशचा संच घेतलात आणि दोन डब्यांमध्ये केबल टाकलीत तर मात्र उत्तम चालेल, फक्त महाग पडेल.

केबलकाका
आता केबल. कॅट ६, शुद्ध तांब्याची. ‘सीसीए’ लिहिलेली म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार, ती घेऊ नका. स्वस्त असते, पण वाकवताना तुटते आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत टोकं लवकर खराब होतात. १८ मीटर लागतेय तर २२ घ्या.

भिंतीला भोक १० मिलिमीटरच्या ड्रिलने पुरतं, कारण आधी केबल ओवायची आणि नंतर कनेक्टर क्रिंप करायचा (पक्कडीने टोकाला दाबून बसवायचा). तयार टोकांची केबल आणलीत तर विनाकारण मोठं भोक पाडावं लागेल. बाहेरच्या भिंतीतून जात असेल तर भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा आणि केबलला खाली एक झोळ द्या, नाहीतर जूनमध्ये पाणी केबलवरून थेट घरात. २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच केसिंगपट्टीत घालू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

दोन्ही टोकांना क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याला मध्ये घेऊन फुटते, नवशिके हमखास चुकतात ते तिथे.

शक्यतो केबल घराच्या आतूनच न्या. घराबाहेरून लटकणारी तांब्याची वायर विजेच्या दिवसांत पोर्ट जाळते. फायबरमधून वीज येत नाही, पण ते खांबावरून ज्या पोलादी तारेच्या आधाराने येतं ती तार घराबाहेरच सोडायला सांगा. कॅमेरे वायरवाले असतील तर मोठ्या गडगडाटात त्यांच्या वायरी काढून ठेवा.

शून्यपिंग
सेटिंग या क्रमाने करा.

केबलवाल्याकडून ओएनटी ब्रिजवर टाकून घ्या, युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घ्या आणि डब्याचं वायफाय बंद करवा. खालच्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घेणाऱ्या) ओएनटीच्या लॅन १ ची वायर, कनेक्शन प्रकार पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन करायची पद्धत). व्हीलॅन लागतो का तेही विचारा. तो राहिला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही आणि माणूस पासवर्डच बदलत बसतो.

वरचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे तो स्वतःचं नेटवर्क न करता खालच्याचंच नेटवर्क वायफायवर देतो. हे विसरलात तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतील, नेट सगळीकडे चालेल पण वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडणार नाही. राउटरमध्ये तो मोडच नसेल तर त्याचा आयपी बदलून खालच्याच्या मालिकेतला मोकळा द्या (खालचा १९२.१६८.०.१ असेल तर वरचा १९२.१६८.०.२), डीएचसीपी (उपकरणांना आयपी वाटायची सोय) बंद करा आणि खालून आलेली केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात खोचा.

दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच, चॅनल मात्र वेगळे. २.४ साठी खाली १ आणि वर ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ साठी खाली ३६ आणि वर १४९, रुंदी ८०. सुरक्षितता डब्ल्यूपीए २/३ मिश्र. जुना प्रिंटर जोडला जात नसेल तर नुसतं डब्ल्यूपीए २ ठेवा. डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडायची सोय) बंद. जिना चढताना फोन खालच्याच राउटरला चिकटून राहिला तर दोन्हीकडची ताकद ‘मध्यम’ करा. आयफोन साधारण −७० पर्यंत सिग्नल उतरल्याशिवाय दुसरा राउटर शोधायलाच लागत नाही.

चिरेबंदी
खूप आभार. बॅकअपचं राहिलं. आणि राउटर पडवीतच ठेवू का?

केबलकाका
ओएनटी पडवीत राहू दे, राउटर माजघरात आणा, डब्यापासून केबल ओढून. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा आरशाजवळ नको. पाच-सहा फूट उंचीवर, उघडा.

बॅकअपला मिनी यूपीएस. आधी प्रत्येक अ‍ॅडॅप्टरवरचा व्होल्ट वाचा. ओएनटी बहुतेक १२ व्होल्टचा असतो, पण काही राउटर ९ चे असतात आणि त्यांना १२ दिले तर जळतात. पिनेच्या मधल्या टोकाला अधिक आहे ना तेही बघा. क्षमता एमएएचवर मोजू नका, तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १०,४०० एमएएच म्हणजे साधारण ३८ वॅट-तास. ओएनटी आणि राउटर मिळून १३ वॅट धरले, रूपांतरातली तूट वजा केली, तर सव्वादोन तास निघतात. सेल नवे असताना. वरच्या राउटरसाठी वेगळा, लहान चालेल.

मधलीआळी
कॅमेरे बाहेरगावाहून बघायचे असतील तर पोर्ट फॉरवर्डच्या (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडायच्या) नादी लागण्याआधी राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तो सामाईक पत्ता आहे, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. कॅमेऱ्याचं क्लाउड अ‍ॅप वापरा किंवा केबलवाल्याकडून स्थिर आयपी विकत घ्या.

केबलकाका
आणि राउटर मागवण्याआधी केबल ओढून टाका. लॅपटॉप वर न्या, खालून लॅन १ मधून आलेली केबल लावा आणि लिंक स्पीड बघा. १००० दिसलं तर मागवा. १०० दिसलं तर दोन्ही टोकं कापून पुन्हा क्रिंप करा, बहुतेक वेळा तपकिरीची जोडी आतपर्यंत पोचलेली नसते.