नेफ्रोटिक सिंड्रोम : मुलाला स्टेरॉइड चालू असताना घरी कशावर लक्ष ठेवावे?

प्रश्न (एक आई, सांगली)

माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या पापण्या सकाळी उठल्यावर सुजलेल्या दिसत. अ‍ॅलर्जी समजून औषधे झाली, पण पुढे पाय आणि पोटही सुजले. लघवीच्या तपासणीत प्रथिन चार प्लस, म्हणजे खूप जास्त आले, तेव्हा नेफ्रोटिक सिंड्रोमचे (किडनीतून प्रथिन लघवीवाटे वाहून जाऊन अंगावर सूज येण्याच्या आजाराचे) निदान होऊन प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले. आता सूज उतरली आहे, परंतु गाल गोल झाले आहेत, भूक अनावर झाली आहे, आणि स्टेरॉइड बंद करून नुसत्या पथ्यावर ठेवा, असा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे. या आजारात किडनी निकामी होते का? औषध किती काळ द्यावे लागेल?

प्रतिसाद (बालरोगतज्ज्ञ)

औषध स्वतःहून मुळीच थांबवू नका. आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे कमी करते. अशा वेळी ते एकाएकी तोडल्यास मूल गंभीर आजारी पडू शकते. पहिल्या खेपेस साधारणपणे सहा आठवडे रोज आणि त्यानंतर सहा आठवडे कमी मात्रेत एक दिवसाआड, असा उपचार असतो. या वयातील बहुसंख्य मुलांची लघवी स्टेरॉइडने प्रथिनमुक्त होते, आणि ज्यांची होते त्यांची किडनी सहसा शाबूत राहते, मग आजार अधूनमधून उलटला तरीही. गालांची गोलाई मात्रा उतरल्यावर ओसरते. ज्यांचा आजार वारंवार उलटतो त्या मुलांसाठी लेव्हॅमिसोल, मायकोफेनोलेट यांसारखी स्टेरॉइड कमी करू देणारी औषधे आहेत. दरम्यान रक्तदाब, उंची आणि डोळे यांची तपासणी चुकवू नका.

प्रतिसाद (एक वडील, नाशिक)

आमच्या मुलीला हा आजार बरीच वर्षे आहे, म्हणून कळकळीने सांगतो : सूज दिसण्याची वाट पाहू नका, कारण लघवीतून प्रथिन त्याच्या कित्येक दिवस आधीपासून जाऊ लागते. पहाटेची पहिली लघवी प्रथिन दाखवणाऱ्या, रंग बदलणाऱ्या पट्टीवर तपासून त्या दिवसाचा निकाल, दिलेली गोळी आणि सर्दी-ताप असल्यास तोही एका वहीत लिहावा. सलग तीन दिवस तीन प्लस किंवा त्याहून अधिक आले, तर आजार उलटला असे धरतात. एखाद्याच दिवशी आले तर घाबरण्याचे कारण नाही, विशेषतः सर्दी झालेली असताना. आमचे डॉक्टर प्रत्येक भेटीत आधी ही वही पाहतात आणि मगच मात्रा ठरवतात. वडीलधाऱ्यांनाही ती दाखवा. गोळीमुळे प्रथिन कसे उतरत गेले, हे त्यात स्पष्ट दिसते. पथ्य म्हणाल तर सूज असताना मीठ कमी ठेवावे, पापड, लोणचे, वेफर्स टाळावेत आणि भुकेपोटी गोडधोड, तळलेले देत राहू नये. डाळ, दूध, अंडी बंद करण्याची गरज नसते. सूज उतरल्यावर मुलाला शाळेत पाठवावे, खेळू द्यावे.

प्रतिसाद (परिचारिका, बालरोग विभाग)

एक गोष्ट राहिली. ताप आणि पोटदुखी एकत्र आल्यास रात्र काढू नका, कारण या मुलांच्या पोटात पाणी साचलेले असताना तिथे जंतुसंसर्ग लवकर होतो. मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असताना गोवर किंवा कांजिण्यांची जिवंत लस देत नाहीत. न्युमोकोकसची (न्यूमोनियासारखे आजार करणाऱ्या जंतूविरुद्धची) लस मात्र आवर्जून विचारून घ्यावी. शाळेत कोणाला कांजिण्या झाल्याचे कळले आणि आपल्या मुलाला त्या पूर्वी झालेल्या नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.