लिथुआनिया, जूनअखेर, चार रात्री: आधी कौनास की विल्नियस?

रानवाट
आईबाबांना (दोघेही सत्तरीच्या आसपास) घेऊन शनिवारी 20 जूनला वॉर्साहून ट्रेनने निघायचंय. परतीचं विमान बुधवारी 24 ला रात्री विल्नियसहून. यादीत आहे: विल्नियसचं जुनं शहर, केजीबीच्या (सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या) इमारतीतलं संग्रहालय, त्राकाइचा किल्ला, कौनास आणि जमलंच तर क्रुसांची टेकडी. क्रम कसा लावावा? बाबा शाकाहारी, अंडं चालतं. व्हिसा शेंगेनचा आहे, तो प्रश्न नाही.

खडीसाखर
वॉर्साची गाडी कौनासवरूनच विल्नियसला जाते. तेव्हा शनिवारी कौनासलाच उतरा, रविवारी शहर बघा आणि संध्याकाळी विल्नियस गाठा. उलटा फेरा वाचतो.

वाटेत सीमेजवळच्या मोत्स्कावा स्टेशनवर गाडी बदलावी लागते. पोलंडकडचे रूळ 1435 मिलिमीटरचे आणि लिथुआनियाचे 1520 चे, त्यामुळे डबा थेट विल्नियसपर्यंत जाऊ शकत नाही. सामान कमी आणि चाकांचं ठेवा. शिवाय लिथुआनियाचं घड्याळ पोलंडच्या एक तास पुढे. तिकिटावर पोहोचायची वेळ तिथली छापलेली असते, प्रवास एक तासाने मोठा वाटला तर घाबरू नका.

क्रुसांची टेकडी सोडा. शाउलेइपर्यंत ट्रेनला सव्वादोन-अडीच तास, तिथून बसने 12 किलोमीटर, दोमान्ताइच्या थांब्यापासून पुढे दोनेक किलोमीटर पायी. टेकडी खरंच बघण्यासारखी आहे, पण पूर्ण दिवस जातो.

तळटीप
खडीसाखर, एरवी हाच क्रम बरोबर, पण या तारखांना फसेल. केजीबीवालं संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद असतं. बुधवारी 24 जून म्हणजे योनिनेस, सरकारी सुट्टी, त्या दिवशीही बंद. म्हणजे रविवार हा एकच दिवस उरतो. म्हणून शनिवारी थेट विल्नियस, आणि पुढे असं:

रविवार: सकाळी दार उघडायलाच संग्रहालय. तळघरात कोठड्या जशाच्या तशा ठेवल्यात. एका कोठडीत जमिनीवर गार पाणी सोडायचे आणि कैद्याला मधल्या छोट्याशा गोल चकतीवर उभं करायचे. डुलकी लागली की पाण्यात. पुढे मृत्युदंडाची खोली आहे. आईंना झेपेल का ते आधी ठरवा, वरच्या मजल्यांवरचं प्रदर्शन तेवढंच पाहिलं तरी चालतं. बाहेरच्या भिंतीच्या दगडांवर मारल्या गेलेल्यांची नावं कोरली आहेत, ती उभं राहून वाचा. दुपारी कॅथीड्रलचा चौक. तिथे फरशीत ‘स्तेबुक्लास’ (चमत्कार) लिहिलेला एक तुकडा आहे: 23 ऑगस्ट 1989 ला विल्नियसपासून रीगामार्गे टालिनपर्यंत सोव्हिएत सत्तेविरुद्ध 600 किलोमीटरहून लांब मानवी साखळी धरली होती, तिचं हे टोक.

सोमवार: त्राकाइ. किल्ला उन्हाळ्यात आठवडाभर उघडा असतो, त्यामुळे सोमवार वाया जात नाही. ट्रेन किंवा बस, अर्धा-पाऊण तास. घोळ पुढे होतो. स्टेशनपासून किल्ला दोन-अडीच किलोमीटर आहे, नकाशावर जवळ वाटतो. जाताना टॅक्सी करा, येताना तळ्याकाठाने रमतगमत या. आत लाकडी जिने आणि अरुंद सज्जे आहेत. गुडघे दुखत असतील तर चौक आणि पूल पुरे. किल्ला बराचसा विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला आहे, अवशेष समजून जाऊ नका. मला विचाराल तर किल्ल्याइतकाच वेळ कराइमू रस्त्याला द्या. लिथुआनियाचा राज्यकर्ता वीताउतास याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस क्रिमियातून आणलेल्या कराइम (तुर्की कुळातली भाषा बोलणाऱ्या) लोकांची वस्ती ती. घरांना रस्त्याच्या बाजूला तीन खिडक्या.

मंगळवार: कौनास, ट्रेनने साधारण सव्वा तास. विल्नियस पोलंडकडे असताना, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, हीच तात्पुरती राजधानी होती. त्या घाईत बांधलेल्या आधुनिक शैलीच्या इमारतींना 2023 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 1940 मध्ये हजारो ज्यू निर्वासितांना हाताने व्हिसा लिहून देणारे जपानी अधिकारी सुगिहारा यांचं घरही इथेच. आणि युद्ध संग्रहालयापुढच्या बागेत ‘क्निग्नेशिस’चा, म्हणजे पुस्तकं वाहून नेणाऱ्याचा पुतळा चुकवू नका. 1864 ते 1904 झारशाहीने लॅटिन लिपीतलं लिथुआनियन छापायला बंदी घातली होती. ही माणसं प्रशियातून पाठीवर पुस्तकं लादून चोरून आणायची.

बुधवार: ऊझुपिस (कलावंतांचा मोहल्ला), संत आन्नाचं विटांचं चर्च, औश्रोस वार्ताइ (जुन्या तटबंदीचा दरवाजा). गोटे जडवलेले रस्ते आहेत, जाड तळव्याचे बूट हवेत. सुट्टीमुळे बरीच दुकानं बंद असतील, वाटेतला खाऊ आदल्या दिवशीच घ्या.

तिखटमीठ
शाकाहाराबद्दल. फसवणारा पदार्थ चेपेलिनाइ. किसलेला कच्चा बटाटा फडक्यात पिळायचा, खाली बसलेलं सत्त्व परत घालायचं, थोडा उकडलेला बटाटा मिसळून लांबट गोळे करून उकळायचे. सारण मांसाचं किंवा ‘वार्श्के’चं, म्हणजे ताज्या चक्क्यासारख्या पनीरचं. वार्श्केचं मागवलं की लोक निर्धास्त होतात, आणि वरून येते डुकराच्या चरबीचे तुकडे आणि कांदा परतलेली फोडणी. तिला ‘स्पिर्गुचेइ’ म्हणतात. मागवतानाच सांगा: ‘बे स्पिर्गुचू’, नुसती ‘ग्रीएतिने’ (आंबट साय). दोन गोळ्यांत पोट भरतं.

शाल्तीबार्शचेइ बाबांना नक्की आवडेल: केफिरमध्ये (ताकासारख्या आंबवलेल्या दुधात) बीट, काकडी, कांद्याची पात, भरपूर शेपू, उकडलेलं अंडं. गुलाबी, थंडगार, सोबत वेगळ्या ताटलीत गरम बटाटे. पातळ केलेली बिटाची कोशिंबीर समजा. शेपू इथे सगळ्यावर पडतो, न आवडणाऱ्यांची पंचाईत आहे.

त्राकाइतला मूळ किबिनास चिरलेल्या मटणाचा, पण पालक-वार्श्केचाही मिळतो. दिसायला मोठी करंजी, मुरडही तशीच. कणकेत लोणी की चरबी, तेवढं विचारा. मशरूमचं सूप मात्र टाळा, त्यात धुरावलेलं मांस असू शकतं.

शब्दवेडा
‘बे’ म्हणजे बिना, आणि त्यापुढे षष्ठी लागते. मेसा (मांसाच्याच गोतातला शब्द) असेल तर ‘बे मेसोस’. या विभक्त्या पाट्यांवर गोंधळ करतात. कौनासचं ते ‘काउनो’, विल्नियसचं ते ‘विल्नियाउस’. रस्त्यांची नावं षष्ठीत असतात, म्हणून ‘गेदिमिनो’ शोधायचं, ‘गेदिमिनास’ नाही. नकाशात टाकताना शेवटचं अक्षर धरून बसू नका.

आपल्याला गंमत वाटेल ती शेवटच्या ‘स’ची. संस्कृतात जिथे विसर्ग, तिथे यांचा ‘स’ टिकलाय: देवः – दिएवास, अग्निः – उग्निस, सूनुः – सूनुस, अविः – अविस. त्यांची म्हण आहे, ‘दिएवास दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस’: देवाने दात दिले, भाकरीही देईल. मात्र तिथे कुणाला ‘तुमची भाषा संस्कृतातून आली’ असं सांगू नका. दोन्ही एकाच जुन्या कुळातल्या, मायलेकी नव्हेत.

रानवाट
क्रम तळटीप यांचा घेतेय. गांधीजींचा पुतळा लिथुआनियात आहे म्हणे, तो वाटेत येतो का?

तळटीप
नाही. तो रुस्नेला आहे, पार पश्चिम टोकाला, नेमुनास नदीच्या मुखाजवळ. 2015 मध्ये बसवला. शेजारी हर्मन कालेनबाख उभे आहेत, गांधीजींचे मित्र, दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या टॉल्स्टॉय फार्म या आश्रमाची जमीन घेऊन देणारे. कालेनबाख यांचं बालपण रुस्नेत गेलं. किनाऱ्यावरच्या क्लाइपेदा-निदाचा वेगळा फेरा कराल तेव्हाच जोडा, जवळच्या शिलुते गावाहून.