मदत हवी आहे: विद्यार्थ्यांच्या व्यवसाय-कल्पनांना गुण देताना बोलणं आणि कल्पना वेगळी कशी करायची?

नमस्कार. पुढच्या शनिवारी एका कॉलेजच्या स्टार्टअप स्पर्धेत मी परीक्षक आहे. १४ टीम, ३ परीक्षक. प्रत्येक टीमला सादरीकरणाला ७ मिनिटं आणि प्रश्नांना ५. गेल्या वर्षीही मी परीक्षक होतो आणि तेव्हा आम्ही दिलेला निकाल चुकला, असं मला आता ठामपणे वाटतं. म्हणून हा धागा.

माझं रोजचं काम उत्पादनखर्च काढायचं. एखादी वस्तू कितीला पडते, त्यात माल किती, मजुरी किती, वाया किती जातं, हे मला कळतं. 'आर्थिक बाजू बघा' म्हणूनच मला बोलावलं होतं.

पहिली आलेली टीम अभ्यासाचं वेळापत्रक आखून देणाऱ्या ॲपची होती. मुलगा फार छान बोलला. "एवढ्या विद्यार्थ्यांपैकी फक्त १ टक्का जरी आले, तरी..." हे वाक्य आलं आणि मीही मान डोलावली. तो १ टक्का येणार कुठून, एकेक ग्राहक मिळवायला किती खर्च येणार, हे विचारलंच नाही.

बरीच खाली गेलेली एक टीम मात्र डोक्यातून जात नाही. व्हीलचेअर आणि वॉकर विकायचे, ही त्यांची मूळ कल्पना. ३१ कुटुंबांशी बोलल्यावर त्यांना कळलं की ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना ही वस्तू जेमतेम दीड-दोन महिने लागते, मग ती कोपऱ्यात पडून राहते. म्हणून त्यांनी विक्री सोडली आणि भाड्यावर आले. परत आलेली खुर्ची निर्जंतुक करायची, दुरुस्त करायची, पुढच्याला द्यायची. एक खुर्ची किती वेळा भाड्याने गेली की तिचे पैसे वसूल होतात, हेही ने-आण आणि सफाईचा खर्च धरून काढलेलं. पण स्लाइड मजकुराने खचाखच, बोलणारी मुलगी अडखळत होती, आणि हिशेबाची स्लाइड यायच्या आधीच वेळ संपली. ती मी निकालानंतर त्यांच्या फाइलमध्ये पाहिली.

गेल्या आठवड्यात जुना गुणतक्ता काढून बसलो. १० निकष, प्रत्येकी १० गुण. त्यात 'सादरीकरण', 'आत्मविश्वास' आणि 'प्रश्नांना उत्तरं' असे तीन रकाने. म्हणजे १०० पैकी ३० गुण बोलण्याचे. ग्राहकाला खरंच काय हवंय हे तपासलं का, यासाठी एकही रकाना नाही! उरलेल्या ७० वरही बोलण्याची छाप पडतेच. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवलं होतं की सैन्यातले अधिकारी आपल्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व यांना वेगवेगळे गुण देतात खरे, पण ते सगळे एकाच दिशेने झुकलेले असतात. माझ्या तक्त्यातही तेच. ॲपवाल्या टीमला मी 'आर्थिक बाजू'त ८ दिले होते. आर्थिक बाजू मांडली होती कुठे?

तर मदत हवी आहे ती अशी. तक्ता बदलायला आयोजक तयार आहेत, पण त्यात काय ठेवू आणि काय काढू? आमच्यातले एक परीक्षक हात राखून गुण देतात, दुसरे सढळ हाताने, त्याची बेरीज कशी करायची? आणि ५ मिनिटांत विचारावेत असे नेमके प्रश्न कोणते? बोलण्याला शून्य गुण द्यावेत असं माझं म्हणणं नाही. आपली गोष्ट दुसऱ्याला पटवता येणं हेही धंद्यातलंच काम आहे. पण ३० नाहीत.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं परीक्षण करतो. सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट: प्रत्येक टीमकडून आधी एक पानी लेखी टिपण मागवा आणि ते वाचून, कुणालाही बघायच्या आधी, कल्पनेचे आणि हिशेबाचे गुण लिहून टाका. ऐकल्यावर बदलायचे तर बदला, पण शेजारी कारण लिहायचं. 'छान बोलले' हे कारण लिहिताना हात आपोआप थांबतो. चिया-जुंग त्साय यांचा २०१३ चा अभ्यास संगीत स्पर्धांवरचा आहे: आवाज बंद करून नुसती दृश्यं पाहणाऱ्यांनी विजेते जास्त अचूक ओळखले, आणि त्यात संगीतातले जाणकारही होते. संगीतात हे होतं, तर सादरीकरणात होणारच.

बेरजेबद्दल. कडक आणि सढळ हा मुख्य प्रश्नच नाही. सगळ्यांना सारखेच कमी दिले तर क्रम बदलत नाही. घोळ होतो तो गुणांच्या पसाऱ्यामुळे. समजा एक परीक्षक सगळ्यांना ६० ते ७० मध्ये ठेवतो आणि दुसरा ३० ते ९० पर्यंत जातो. बेरीज केली की निकाल जवळजवळ दुसऱ्याचाच लागतो, पहिला नुसता बसून राहतो. त्यामुळे तिघांनीही आपापले १ ते १४ क्रम लावा आणि क्रमांची बेरीज करा. वरच्या पाच टीमवर मग समोरासमोर चर्चा. आणि चर्चेआधी आकडे एकमेकांना सांगू नका, हे फार महत्त्वाचं.

पहिल्या दोन टीमचे गुण पेन्सिलीने लिहा. तेव्हा आपलं माप अजून बसलेलं नसतं.

प्रतिसाद २

प्रश्नांबद्दल सांगते. सगळ्या टीमना तेच तीन प्रश्न विचारा, त्याच क्रमाने. डाना कान्झे आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास न्यूयॉर्कमधल्या टेकक्रंच डिसरप्ट स्पर्धेतल्या प्रश्नोत्तरांवर आहे. पुरुष उद्योजकांना जास्त करून 'हे वाढवणार कसं?' छापाचे प्रश्न आले आणि स्त्रियांना 'बुडणार नाही कशावरून?' छापाचे. वाढीचे प्रश्न ज्यांना आले, त्यांनी पुढे जास्त भांडवल उभं केलं. तुमच्या व्हीलचेअरवाल्या टीमला काय विचारलं होतं, आठवतंय?

माझे तीन प्रश्न: ज्यांना विकायचंय त्यांच्यापैकी किती जणांशी बोललात आणि त्यानंतर कल्पनेत काय बदललं? एका ग्राहकामागे किती मिळतं, किती जातं? तुमच्या कल्पनेतली कोणती गोष्ट खोटी निघाली तर सगळंच कोसळेल, आणि ती तपासायला काय कराल? तिसऱ्याला चांगली मुलं थांबून विचार करतात. त्या थांबण्याचे गुण कापू नका.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत. भर एवढीच की 'हा धंदा चालेल का' याला गुण देऊच नका. बेसेमर ही मोठी गुंतवणूक कंपनी स्वतः नाकारलेल्या कंपन्यांची यादी उघडपणे लावते. त्यात ॲपल आहे, गूगल आहे, आणि फेडएक्सला तर त्यांनी सात वेळा नकार दिला. ज्यांचा हा पोटापाण्याचा व्यवसाय, त्यांची ही गत. विद्यार्थ्यांनी केलेलं काम तपासता येतं, त्याचेच गुण द्या. आणि ज्या टीमची विक्री सुरू झाली आहे ती नुसत्या कल्पनेच्या टीमसमोर उभी करू नका, दोन गट करायला सांगा.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून जुने कागद पुन्हा काढले. मुलाला मी विचारलं होतं, "पुढच्या वर्षी किती शाळांपर्यंत जाल?" मुलीला विचारलं होतं, "खुर्ची चोरीला गेली तर?" हे मला वर्षभर दिसलं नव्हतं.

आज आयोजकांशी बोललो. एक पानी टिपण गुरुवारपर्यंत मागवलं आहे. बोलण्याचे तीन रकाने मिळून एकच, १० गुणांचा. 'ग्राहकांशी बोलून काय शिकलात' याला २५, एका ग्राहकामागच्या हिशेबाला २०. बेरीज क्रमांची. दोन गट मात्र या वर्षी शक्य नाहीत, नोंदणी होऊन गेली.

एक शेवटचं विचारतो. त्या व्हीलचेअरवाल्या टीमला आता, वर्षानंतर, त्यांच्या हिशेबावर सविस्तर अभिप्राय लिहून पाठवला तर त्यांना बरं वाटेल की जखमेवरची खपली निघेल?

प्रतिसाद २

पाठवा. पण निकाल चुकला याबद्दल एकच ओळ, बाकी पान हिशेबावर. सफाईच्या खर्चाचा आकडा त्यांनी कसा काढला ते विचारा. मुलं उत्तर देतील.

धागाकर्ता

आयोजकांकडे त्यांचा ईमेल मागितला आहे. आज रात्री लिहायला बसतो.