मदत हवी आहे: १५० मिमी लेन्समधली शिम (अंतर जुळवणारी पातळ रिंग) हरवली, नवीन किती जाडीची करू?

मंडळी, घोळ मीच घातलाय, त्यामुळे दोष कुणाला देता येत नाही.

४×५ इंची शीट फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी माझ्याकडे १५० मिमी एफ/५.६ लेन्स आहे. सहा भिंगांची नेहमीची प्लाझ्मॅट रचना; काही भिंगं पुढच्या नळीत, काही मागच्या, आणि मधे कोपाल ० मापाचं शटर. शटर एक सेकंदाला अडकायला लागलं होतं. दुसऱ्या एका लेन्सवरचं चालू कोपाल ० हाताशी होतं, म्हणून पुढची आणि मागची भिंगनळी काढून त्यात बसवली. दोन्हीकडचे आटे २९.५ मिमीचे, हातानेच बसतात. पाच मिनिटांचं काम.

आता मध्यभाग उत्तम येतो, पण एफ/८ ला चारही कोपरे मऊ. एफ/२२ ला बरंच सावरतं, तरी आधीची लेन्स ही नव्हे. जुन्या निगेटिव्ह काढून लूपखाली (बघायच्या भिंगाखाली) शेजारी ठेवल्या, फरक स्पष्ट आहे.

मग आठवलं. पुढची नळी काढताना टेबलावर केसाइतकी पातळ, चकचकीत रिंग पडली होती. ती गास्केट वगैरे असेल असं समजून बाजूला ठेवली आणि नंतर टेबलावरचं फडकं बाहेर झटकलं. पुढचं सांगायला नको. नळीच्या खांद्यावर अजून त्या रिंगचा गोल ठसा दिसतो.

प्रश्न एवढाच: अशीच लेन्स कुणाकडे असेल तर आपली शिम मोजून जाडी सांगाल का? मी तशी करून घेतो.

प्रतिसाद: दुसऱ्याची जाडी घेऊ नका

आकडा मिळेलही, पण तो तुमच्या कामाचा नाही. शिम मॉडेलप्रमाणे ठरत नाही. त्या विशिष्ट नगाची भिंगं आणि ते विशिष्ट शटर यांची जोडी जुळवताना कारखान्यात ती निवडतात. कोपाल ० मध्ये पुढच्या टेकणीपासून मागच्या टेकणीपर्यंत २० मिमी हे ठरलेलं माप, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा फरक शटरागणिक असतोच. एकाच लेन्सच्या दोन नगांपैकी एकात शिम आणि दुसऱ्यात काहीच नाही, असंही असतं.

आणि तुम्ही शटरच बदललंय. म्हणजे हरवलेली रिंग उद्या सापडली तरी ती आता बरोबर असेलच असं नाही. जुनं शटर आहे ना अजून? दोन्हींची जाडी मायक्रोमीटरने मोजून बघा. नवं जितकं जाड, तितकी शिम पातळ लागेल.

प्रतिसाद: इतका त्रास कशाला?

४×५ वर एफ/८ ला फोटो काढतं कोण? एफ/२२ ला विवर्तनामुळेच (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) बिंदूचा ठिपका सुमारे ०.०३ मिमीचा होतो, त्यात शिमची चूक बरीचशी बुडून जाते. मी लेन्स तशीच वापरली असती.

(आणि शटरवरची अॅपर्चरची पट्टी, म्हणजे छिद्राचे एफ-आकडे दाखवणारी, बदललीत का? ती त्या दुसऱ्या लेन्सची असेल तर आकडे चुकीचे. १३५ ची पट्टी १५० वर राहिली तर जवळपास एक-तृतीयांश स्टॉपने कमी प्रकाश मिळेल. स्लाइड फिल्मवर हे जाणवतं.)

प्रतिसाद: जाडी लेन्सलाच विचारा

वरच्यांचं एफ/२२ बद्दलचं म्हणणं खोटं नाही, पण फोकस तर आपण उघड्या लेन्सवरच करतो. अंतर चुकलं की गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न मिळणं) वाढू शकतं, मग एफ/५.६ ला जुळवलेला फोकस छिद्र बारीक केल्यावर सरकतो. त्यामुळे मी तरी सोडून देणार नाही.

शिम नसली म्हणजे दोन नळ्यांमधलं अंतर कमी पडलंय. ते वाढवून बघायची सोय तुमच्याकडे आहेच. आट्यांचा पिच ०.५ मिमी आहे, म्हणजे पुढची नळी एक पूर्ण फेरा सैल केली की ०.५ मिमी अंतर वाढतं. ३६ अंशांना ०.०५, ७२ अंशांना ०.१. नळीच्या कडेवर आणि शटरवर कागदी टेपच्या खुणा करा. कडेचा घेर १६० मिमी असेल तर १६ मिमी सरकवलं की ०.०५ मिमी. मायक्रोमीटरही याहून सोपा नसतो.

भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून बघू नका. कॅमेरा भिंतीला नेमका समांतर नसला की फसगत होते. रात्री लांबचा एखादा बारीक दिवा घ्या. तो ग्राउंड ग्लासच्या (फोकस बघायच्या धुरकट काचेच्या) मध्यावर आणून एफ/५.६ ला फोकस करा. मग फोकसला हात न लावता ट्रायपॉडवर अख्खा कॅमेरा फिरवून दिवा कोपऱ्यात न्या आणि १०× लूपने बघा. तिथे पुन्हा फोकस केल्यावर बिंदू नीट बारीक झाला तर फोकसच्या प्रतलाची वक्रता आहे. फोकसच्या अलीकडे एका दिशेची रेघ आणि पलीकडे काटकोनातली रेघ दिसली तर अस्टिग्मॅटिझम. दर वेळी नळी १५-२० अंश सैल करा, मध्यावर नव्याने फोकस, पुन्हा कोपरा. सगळ्यात चांगली जागा ओलांडून पुढे जा, मग परत या. नुसतं पुढे जात राहिलं की डोळ्याला प्रत्येक पायरी आधीपेक्षा बरी वाटते.

सैल नळी आट्यांत किंचित डुगडुगते, म्हणून मिळालेला आकडा अंदाजाचाच धरा.

धागालेखक:

हे डोक्यातच आलं नव्हतं! पट्टी जुनीच बसवली आहे, तेवढी अक्कल शिल्लक होती. दोन्ही शटर मोजली: नवं ०.०२ मिमीने जाड. आज रात्री दिवा शोधतो. जाडी कळल्यावर रिंग कशाची करू? कागद चालेल?

प्रतिसाद: रिंग

चाचणीला कागद चालेल, कायमचा नको. दाबाने बसतो, दमट हवेत फुगतो. खराब झालेली शीट फिल्म पडली असेल तर तिचा बेस (प्लास्टिकचा थर) साधारण ०.१८ मिमी असतो, ३५ मिमी फिल्मचा ०.१३ च्या आसपास. एक पायरी कळायला पुरे. कायमसाठी पितळी शिमपत्रा, तो ठरावीक जाडीत मिळतो.

दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट धरून कापा, नाहीतर कड वळते. आधी आतलं भोक, मग बाहेरची कड. आतला व्यास आट्यांपेक्षा थोडा मोठा, साधारण ३० मिमी, म्हणजे रिंग आट्यांत अडकणार नाही. कापल्यावर जी बर (कडेला उभा राहिलेला धातू) राहते ती बारीक पॉलिश पेपरवर काचेच्या तुकड्यावर घासून काढा. ०.१ च्या शिमवर ०.०५ ची बर राहिली तर भिंग तिरकं बसेल, आणि मग एकाच बाजूचा कोपरा मऊ पडेल. बसवताना नळी आवळू नका, हाताने टेकेपर्यंत पुरे.

धागालेखक (चार दिवसांनी):

अहवाल देतो. चौथ्या मजल्याच्या जिन्यातला दिवा वापरला, तीन रात्री. पहिल्या रात्री ६० अंश, दुसऱ्या रात्री ८०, तिसऱ्या रात्री परत ७० च्या जवळ. म्हणजे ०.१ मिमी धरायला हरकत नाही. ०.१ च्या पितळी पत्र्याच्या तीन रिंगा वाया घालवल्या, चौथी बसली. सैल नळीपेक्षा रिंगवर चित्र जास्त स्वच्छ दिसतं, डुगडुग गेल्यामुळे असेल. लेन्सबोर्डाच्या (लेन्स बसवलेल्या फळीच्या) मागे चिठ्ठी डकवली आहे: "पुढे शिम ०.१०, काढू नये."

एफ/८ ला तीन कोपरे जुन्या निगेटिव्हसारखे आले. चौथा, वरचा डावा, अजून थोडा मऊ आहे. आधी रिंगवर संशय आला. मग लेन्सबोर्ड उलटा, १८० अंशांत फिरवून लावला. मऊ कोपरा जागचा हलला नाही. म्हणजे लेन्स सुटली, दोष कॅमेऱ्यातच कुठेतरी आहे. त्याचा धागा वेगळा काढतो.